‘कायमचे’ या शब्दाची गोष्ट

दिवाळीच्या फराळाबरोबर विम्याचा इतिहास वाचायला देणे हा वाचकांवर जुलूम आहे, हे मला कळते. विमा म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो ऐन जेवणाच्या वेळी दार ठोठावणारा एजंट. परंतु ऑस्ट्रेलियात ज्या विम्याची गोष्ट घडली, तिच्यात एजंट नाही, पॉलिसी नाही आणि हप्ताही नाही. आहे तो एक विचार. मूल कोणत्या देहाने जन्माला येईल आणि धडधाकट माणूस उद्या कशाने पांगळा होईल, हे कोणाच्याच हाती नाही. तेव्हा ही जोखीम साऱ्या देशाने मिळून उचलावी. हात, पाय, डोळे यांच्या बाबतीत हा विचार पटायला वेळ लागत नाही. मनाची पाळी आली की गाडी अडते. तेथेही अडलीच.

१९०८ साली त्या देशाने वृद्धांना व अपंगांना पेन्शन देणारा कायदा केला. त्या काळी ही मोठी पुढारलेली गोष्ट होती. पण कलमे वाचू लागले की मन खट्टू होते. आशियाई माणसे, तेथेच जन्मलेली सोडून, वगळलेली. देशाचे मूळ रहिवासीही वगळलेले. आणि पेन्शन घेणारा माणूस वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाला, की त्याची पेन्शन थांबायची. सरकार त्याला पोसतेच आहे, मग वर पैसा कशाला, असा तो हिशेब. त्या माणसाच्या हाताशी चार पैसे त्याचे स्वतःचे असावेत, हे कोणाला सुचले नसावे.

पुढे पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी न्यूझीलंडचे न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांना बोलावून घेतले. आपल्या देशात अपघातग्रस्तांसाठी सार्वत्रिक भरपाईची योजना सुचवणारे हेच गृहस्थ. १९७४ मध्ये त्यांच्या समितीचा अहवाल आला. पण ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर जनरलनी व्हिटलम यांचे सरकारच बडतर्फ केले आणि ते विधेयक बारगळले. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ तो कागद फडताळात पडून राहिला.

मधल्या काळात वेड्यांच्या इस्पितळांचे दरवाजे उघडू लागले होते. न्यू साउथ वेल्स प्रांतात १९८३ च्या रिचमंड अहवालाने रुग्णांना समाजात, घरांत, मोहल्ल्यांत आणण्याची शिफारस केली. हेतू उत्तम होता. पण १९९३ मध्ये मानवी हक्क आयुक्त ब्रायन बर्डेकिन यांनी चौकशी करून जे लिहिले, ते वाचवत नाही. माणसे इस्पितळातून बाहेर आली, पण त्यांच्यामागून पैसा आणि सोबत आली नाही. कित्येक जण खाणावळीवजा खोल्यांत, रस्त्यावर, नाही तर तुरुंगात जाऊन पोचले होते.

नव्या विम्याची कल्पना २००८ मध्ये पुन्हा वर आली. ती मांडणाऱ्यांत ब्रूस बॉनिहाडी हे प्रमुख. धंद्याने अर्थशास्त्रज्ञ, आणि दोन अपंग मुलांचे वडील. या दोन गोष्टी एकाच माणसात असल्या की काय होते पाहा : ते दया मागत नव्हते, जमाखर्च मांडत होते. आज खर्च केला तर आयुष्यभराचा खर्च कमी होतो, हे त्यांचे म्हणणे. सरकारच्या उत्पादकता आयोगाने २०११ मध्ये सविस्तर अहवाल दिला. त्यात एकंदर सुमारे ४ लाख १० हजार लाभार्थींचा अंदाज होता, आणि त्यांत गंभीर मानसिक आजाराने अपंगत्व आलेले सुमारे ५७ हजार. पुढे हा आकडा ६४ हजारांपर्यंत वाढवण्यात आला. म्हणजे मन आत आले. मार्च २०१३ मध्ये कायदा झाला, १ जुलैपासून काही भागांत योजना सुरू झाली, आणि तिच्यासाठी आरोग्यावरचा कर २०१४ मध्ये दीड टक्क्याचा दोन टक्के झाला.

आता खरी गोष्ट. कायद्याच्या २४ व्या कलमात एक शब्द बसला होता : ‘कायमचे’. अपंगत्व कायमचे असले पाहिजे, निदान तसे असण्याचा संभव तरी पाहिजे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर; कायद्याचे कलम शब्दकोश उघडून वाचतो. पण या शब्दाला शब्दकोश लागला नाही. पाय तुटला तर तो कायमचा तुटला. मन मात्र सहा महिने बरे असते, तीन महिने अंथरुणातून उठू देत नाही. कायद्यानेही कमीजास्त होणारा त्रास कायमचा असू शकतो, असे म्हटले होते. पण नियम सांगत होते की दुखणे बरे करील असा कोणताही उपलब्ध उपचार शिल्लक नाही, हे दाखवा.

आता विचार करा. डॉक्टर रोग्याला सांगतो, ‘धीर धर, सुधारशील.’ आणि त्याच डॉक्टरने अर्जावर लिहायचे, ‘हा सुधारणार नाही.’ आई मुलाला रोज सकाळी उठवते, आंघोळीला पाठवते, आज बरे वाटते ना विचारते. आणि दुपारी टेबलाशी बसून तोच मुलगा कधी बरा होणार नाही असे पुरावे गोळा करते. अशी दुपार कोणत्याही कादंबरीत खपून जाईल. येथे ती सरकारी कामाचा भाग होती.

पूर्वीची छोटी साधी मदत याच सुमारास बंद झाली. आठवड्यातून एकदा घरी येऊन बाजारहाट, बँक, बसप्रवास यांत सोबत करणारी मदतनिसांची एक योजना २००६ पासून चालू होती. तिला रोगाचे नाव सांगणारा कागदसुद्धा लागत नसे. तिचा पैसा नव्या विम्यात वळवण्यात आला आणि २०१९ च्या मध्याला ती संपली. जे अर्ज करू शकले नाहीत, किंवा स्वतःला अपंग म्हणवून घ्यायला तयार नव्हते, त्यांच्या दारावरची थाप थांबली. माझ्या मते ही त्या योजनेची सर्वांत मोठी चूक. नवे घर पुरे होण्याआधी जुने छप्पर उतरवू नये, हे कोणताही गवंडी सांगेल.

सुधारणा झाल्या, नाही असे नाही. जुलै २०२० पासून मानसिक अपंगत्व असलेल्यांना आयुष्याची घडी बसवायला मदत करणारे खास प्रशिक्षक मिळू लागले. २०२२ मध्ये, अधूनमधून उसळणारे मानसिक अपंगत्वही कायमचे धरता येते, असे कायद्यात अधिक स्पष्ट झाले.

आणि आकड्यांची गंमत ऐका. मनाला आत घेतले तर खर्चाला तळ राहणार नाही, अशी भीती घातली जात होती. २०२४ च्या मध्यास योजनेत एकंदर सुमारे ६ लाख ६० हजार माणसे होती; अंदाजाच्या कितीतरी पुढे. मानसिक अपंगत्वाची मात्र सुमारे ६५ हजारच! जेथे पूर येईल म्हणून बांध घातला, तेथेच पाणी खुणेशी थांबले.

अर्थात ते थांबले की थांबवले, हा प्रश्न उरतोच. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या सरकारी अभ्यासानुसार १२ ते ६४ वयाची सुमारे ४ लाख ९३ हजार माणसे अशी निघाली, की ज्यांना मानसिक आजारामुळे आधाराची गरज होती, ती विम्यात नव्हती, आणि बाहेरही त्यांना काही मिळत नव्हते.

त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, योजनेच्या फेरतपासणीचा अहवाल आला होता. त्याच्या दोन अध्यक्षांपैकी एक पुन्हा बॉनिहाडीच. त्यांनी सुचवले की विम्याच्या बाहेरही साधा आधार असावा, आणि मानसिक अपंगत्वाने नव्याने येणाऱ्या बहुतेकांना प्रथम लवकर मदतीच्या वाटेने आत घ्यावे. बाहेरच्या आधाराचा खर्च केंद्राने आणि प्रांतांनी निम्मा-निम्मा उचलायचे ठरले. आणि मग कोणी किती, कधीपासून, कोणासाठी, यावर बैठका सुरू झाल्या.