मान आणि सन्मान : एका लहान महाविद्यालयाच्या गोल्फ-इतिहासाचे वाचन

महाविद्यालयाच्या स्मरणिकेचे संपादन ज्यांच्या वाट्याला आले आहे, त्यांना 'आमचे मानकरी' या सदराची ओळख करून देण्याची गरज नाही. वर्ष, स्पर्धा, क्रमांक, नाव. हे सदर आम्हीही एकदा सिद्ध केले आहे. शकावली आणि बखर यांतील भेद वर्गात शिकवणाऱ्या आम्हाला आपण स्वतः एक शकावली लिहीत आहोत, हे मात्र तेव्हा जाणवले नाही. शकावलीतली नोंद खरी असते, पण ती नोंद कोणाकोणाच्या बळावर उभी आहे, हे शकावली सांगत नाही. या प्रश्नाचा विचार आपल्या संस्थेपेक्षा दूरच्या एखाद्या संस्थेच्या उदाहरणाने करणे अधिक निर्मळ होते, कारण तेथे आपले कोणी नसते. म्हणून अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या वूस्टर महाविद्यालयाच्या पुरुष गोल्फ संघाची सन्मानपरंपरा आम्ही येथे वाचायला घेत आहोत.

प्रेस्बिटेरियन पंथीयांनी 1866 मध्ये स्थापलेली ही संस्था. विद्यार्थिसंख्या आजही दोन हजारांच्या आसपास. तिचा खेळाशी असलेला संबंध सुरुवातीला मोठा विलक्षण होता. 1890 मध्ये तिच्या फुटबॉल संघाने ओहायो स्टेट या पुढे बलाढ्य झालेल्या विद्यापीठाचा 64-0 असा पराभव केला. त्यानंतर थोड्याच काळात आंतरमहाविद्यालयीन खेळांवर संस्थेनेच बंदी घातली आणि ती उठायला विसावे शतक उजाडावे लागले. विजय हा शिक्षणाला पोषक की मारक, हा प्रश्न या संस्थेने इतक्या लवकर स्वतःला विचारला होता.

महाविद्यालयाच्या आवारातच नऊ होलचे गोल्फ मैदान आहे आणि त्याला एल. सी. बोल्स या जुन्या क्रीडाशिक्षकांचे नाव आहे. येथील खेळाडू 'फायटिंग स्कॉट्स' म्हणून ओळखले जातात. वाद्यवृंद स्कॉटिश घागरा घालून बॅगपाइप वाजवतो. गोल्फची जन्मभूमी स्कॉटलंड; तेव्हा हे नाव या खेळाला आपसूकच शोभले. संघाचे प्रशिक्षक बॉब नाय हे सॉकरचेही प्रशिक्षक होते. लहान महाविद्यालयात एका माणसाला दोन-दोन कामे पाहावी लागतात, हे आपल्याकडील प्राध्यापकवर्गाला समजावून सांगायला नको.

1973 मध्ये एनसीएए या क्रीडासंघटनेने आपल्या सदस्य महाविद्यालयांची तीन विभागांत वाटणी केली. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही, असा दंडक आहे. खेळणारा विद्यार्थी आधी विद्यार्थी असतो, त्याच्या खेळाचे मोल पैशात होत नाही. या विभागाची पहिली राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा 1975 मध्ये झाली आणि तिचे विजेतेपद वूस्टरला मिळाले. परंपरेची पहिली ओळच वूस्टरच्या नावाची. पुढची सलग सहा वर्षे, 1976 ते 1981, ते नाव कॅलिफोर्नियातील स्टॅनिस्लॉसचे आहे. 1990 च्या दशकात उत्तर कॅरोलिनातील मेथडिस्ट या संस्थेने जवळजवळ प्रत्येक वर्षी ते पटकावले. तेथे गोल्फचे व्यवस्थापन हा अभ्यासविषयच होता. वूस्टरचे नाव त्या स्थानी पुन्हा आले नाही.

मग या ओळीचा अर्थ काय लावायचा? येथे गोल्फची परिभाषाच आपल्या मदतीला येते. इंग्रजीत ज्या शब्दाने पदवीचा, पदकाचा, नामफलकाचा गौरव दाखवला जातो, तोच 'ऑनर' हा शब्द गोल्फमध्ये अगदी वेगळ्या अर्थाने येतो. मागच्या होलवर ज्याचे फटके सर्वांत कमी, त्याला पुढच्या होलवर पहिला फटका मारण्याचा अधिकार मिळतो. बरोबरी झाली तर तो अधिकार आधी ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच राहतो. इंग्रजीला येथे एकच शब्द पुरवावा लागतो. मराठीत मात्र दोन आहेत. पहिल्या फटक्याचा तो 'मान', आणि भिंतीवरच्या फलकावरचा तो 'सन्मान'. पालखीला पहिला खांदा देण्याचा मान असतो, सन्मान नसतो. मान हे पुढे होऊन करायचे काम आहे, तर सन्मान ही झालेल्या कामाची नोंद. गावगाड्यातला मान वंशपरंपरेने चालतो. गोल्फमधला मान मात्र पुढच्या होलपर्यंतच टिकतो. 1975 चे वूस्टरचे विजेतेपद आम्हाला या अर्थाने मान वाटते : नव्या विभागाच्या नव्या स्पर्धेतला पहिला फटका. तो मान पुढे दुसऱ्यांकडे गेला, यात ऱ्हास नाही. मानाचा स्वभावच तो आहे.

सन्मानांची यादी मात्र वाढतच जाते. प्रशिक्षकांची संघटना दरवर्षी 'ऑल-अमेरिकन' खेळाडूंची निवड करते. गुणवान खेळाडू-विद्यार्थ्यांची वेगळी यादी निघते. वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूच्या पुरस्काराला ओहायोचेच सुपुत्र जॅक निकलॉस यांचे नाव आहे. या निकलॉस यांनी 1961 मध्ये ओहायो स्टेटकडून खेळताना राष्ट्रीय वैयक्तिक विजेतेपद मिळवले. सांघिक विजेतेपद मात्र त्या वर्षी पर्ड्यू विद्यापीठाचे. त्या पिढीतला सर्वश्रेष्ठ खेळाडू ज्या संघात होता, तो संघ जिंकला नाही.

याचे कारण संघाच्या गुणगणनेत आहे. प्रचलित पद्धतीत पाच जण खेळतात, आणि दर दिवशी त्यांतील चौघांचेच फटके धरले जातात. पाचव्याचा, म्हणजे त्या दिवशी सर्वांत जास्त फटके घेणाऱ्याचा, आकडा सोडून दिला जातो. पाचवा कोण, हे खेळ संपेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. आज सोडून दिलेला उद्या संघाला तारतो. पाचवा आहे म्हणूनच उरलेल्या चौघांना धोका पत्करता येतो. संघाच्या बेरजेत त्या दिवशी त्याचे काही नसते. पण त्याच्यावाचून ती बेरीज तशी झाली असती, असे म्हणता येणार नाही. हा पाचवा आम्हाला फलकाचा खरा अभ्यासविषय वाटतो.

फलकाबाहेर आणखीही कोणी आहे. 'पुरुष गोल्फ' या नावातील पहिला शब्द पाहावा. दीर्घकाळ त्याची गरजच नव्हती. महाविद्यालयीन गोल्फ म्हणजे पुरुषांचे गोल्फ, हे गृहीतच होते. एनसीएएने स्त्रियांची राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा सुरू केली ती 1982 मध्ये. वूस्टरने तर आरंभापासून विद्यार्थिनींना प्रवेश दिला होता. एखादे विशेषण उशिरा येते, तेव्हा आधीच्या सगळ्या यादीचा अर्थ मागे जाऊन बदलतो, हे साहित्याच्या इतिहासकारांना परिचितच आहे.

वूस्टरची आणखी एक रीत सांगण्यासारखी आहे. 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून येथे अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र संशोधन-प्रबंध लिहावा लागतो. गोल्फपटूही त्याला अपवाद नाही. या प्रबंधाचा फलक लागत नाही, कारण तो सर्वांनाच लिहावा लागतो. जे सर्वांकडून घडते त्याची यादी होत नाही. आणि महाविद्यालय ज्यासाठी असते, ते तर नेमके तेच!

आम्ही सिद्ध केलेल्या त्या सदरात एक सांघिक पारितोषिक होते. संघनायकाचे नाव आम्ही छापले आणि पुढे 'व इतर' असे लिहिले. जागा नव्हती, हे खरे. पण ती 'इतर' नावे आम्ही विचारलीही नव्हती, हेही तितकेच खरे. पुढची स्मरणिका जे कोणी करतील त्यांना आमची एवढीच विनंती : यादी अवश्य करावी, आणि 'व इतर' लिहिण्यापूर्वी पाचव्याचे नाव विचारावे.