ट्रॅव्हल ट्रेलरच्या निचरा झडपांची दुरुस्ती

मोटारीच्या मागे छोटेखानी घर जोडायचे आणि आठवडेच्या आठवडे भटकंती करायची, हा अमेरिका व कॅनडातील मध्यमवर्गीयांचा जुना शौक आहे. अशा ओढून नेण्याच्या घराला तिकडे 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणतात. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ साली 'क्लिपर' नावाचा ट्रेलर बाजारात आणला. त्यात दिव्यांप्रमाणेच पाण्याचाही स्वतंत्र साठा होता. आज स्वयंपाकाचा ओटा, स्नानगृह, शौचकूप आणि गरम पाण्याचा बंब नसलेला ट्रेलर शोधावाच लागेल. मात्र घरात पाणी आले की ते बाहेर काढण्याची सोयही करावी लागते. हे काम ट्रेलरच्या पोटाखाली दडलेल्या काही निचरा झडपा करतात. काही डॉलरना मिळणाऱ्या या वस्तूंकडे एरवी कोणाचे लक्ष जात नाही. मात्र त्यांतील एखादी झिरपू लागली, तर पाणी प्लायवूडच्या जमिनीत मुरते, लाकूड कुजते आणि दोन-तीन मोसमांत ट्रेलरची जमीन पायाखाली दबू लागते. ते दुरुस्त करण्याचा खर्च झडपेच्या किमतीच्या कित्येक पट असतो.

ट्रेलरमध्ये साधारणपणे तीन टाक्या असतात. पहिली पिण्याच्या व वापरण्याच्या स्वच्छ पाण्याची. मध्यम आकाराच्या ट्रेलरमध्ये तिच्यात शंभर ते दोनशे लिटर पाणी मावते. दुसरी मोरी व न्हाणीच्या सांडपाण्याची, तर तिसरी मैल्याची. स्वच्छ पाण्याच्या टाकीला तळाशी स्वतःची निचरा झडप असते. टाकीतले पाणी बारा व्होल्टचा पंप नळांपर्यंत पोहोचवतो. या नळ्यांपैकी थंड पाण्याची बहुधा निळी आणि गरम पाण्याची लाल असते. दोन्ही नळ्या जेथे सर्वांत खाली येतात, तेथे प्रत्येकी एक झडप किंवा टोपण असते. बंबाला वेगळे बूच असते. सांडपाणी आणि मैल्याच्या टाक्यांना मात्र तोटीसारखी झडप चालत नाही. तेथे ओढून उघडण्याची सपाट पात्याची झडप बसवलेली असते. तिचा व्यास मैल्यासाठी बहुधा तीन इंच आणि सांडपाण्यासाठी दीड इंच असतो.

या झडपा बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण हिमकाळ हे होय. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे दरवर्षी वृत्तपत्रांत झळकतात, पण घरातली नळी गोठून फुटणे हा प्रकार महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या अनुभवात नसतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि बंदिस्त जागेत हे प्रसरण प्लास्टिकच नव्हे तर पितळही फोडू शकते. यातली गोम अशी की पाणी काढून टाकण्यासाठी बसवलेली झडप पुष्कळदा स्वतःच्या पोटातल्या पाण्यानेच फुटते. गोळ्याच्या झडपेत आरपार भोक असलेला एक गोळा फिरतो. टाकी रिकामी केल्यावर झडप बंद केली, तर त्या भोकात आणि गोळ्याभोवतीच्या पोकळीत चमचाभर पाणी अडकून राहते. तेवढे पाणीही गोठले तर झडपेच्या अंगाला केसासारखी बारीक भेग पाडते. ही भेग हिवाळाभर दिसत नाही. वसंतात टाकी भरली की ती टिपकू लागते आणि मालकाला वाटते की झडप घट्ट बंद झालेली नाही. तो ती अधिक आवळतो आणि नुकसान वाढवतो.

म्हणूनच पाना हातात घेण्यापूर्वी गळती नेमकी कोठे आहे, हे ठरवणे अगत्याचे असते. पंप बंद करावा, बाहेरच्या पाण्याची नळी काढावी आणि आतला एखादा नळ उघडून नळ्यांतला दाब उतरू द्यावा. त्यानंतरही ट्रेलरखाली थेंब पडत राहिले, तर दोष बहुधा टाकीच्या झडपेत असतो, कारण टाकी केवळ गुरुत्वाकर्षणाने रिकामी होते. पंप चालू असतानाच थेंब पडत असतील, तर लाल किंवा निळ्या नळीच्या झडपेकडे पाहावे. सारे नळ बंद असताना पंप मधूनमधून क्षणभर घुरघुरत असेल, तर नळ्यांतला दाब कोठेतरी कमी होत आहे असे समजावे. रात्रीच्या शांततेत ही खूण चटकन कळते. मैल्याच्या मुखावरचे टोपण काढताच आतून पाणी येत असेल, तर पात्याची झडप नीट मिटलेली नाही, हे उघड आहे. पाणी पडते त्याच जागी गळती असेल, असेही नाही. अनेक ट्रेलरच्या पोटाला खालून पन्हळी प्लास्टिकचे आवरण असते. त्यावर पाणी वाहत जाऊन दुसऱ्याच टोकाला थेंब पडतो. कोरडा पांढरा कागद प्रत्येक सांध्याखाली धरून पाहणे हा त्यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय होय.

कामाला हात घालताना बंब आधी बंद करावा व पाणी पूर्ण निवू द्यावे. विजेवरचा बंब रिकामा असताना चालू राहिला, तर त्याची कॉइल काही क्षणांत जळते. बंबाचे बूच दाब असताना उघडले, तर कढत पाणी अंगावर येते. ट्रेलरखाली शिरण्यापूर्वी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, हेही विसरू नये.

टाकीची झडप बदलणे दिसायला सोपे, पण बिघडवायला त्याहून सोपे असते. पाण्याच्या टाक्या बहुधा पॉलिथिलीनच्या असतात आणि झडपेसाठीचे आट्यांचे तोंड टाकीला उष्णतेने वितळवून जोडलेले असते. या प्लास्टिकला नेहमीचा डिंक किंवा सिमेंट धरत नाही. तोंडाला तडा गेला तर प्लास्टिकचे वेल्डिंग करावे लागते, नाहीतर टाकीच बदलावी लागते. त्यामुळे जुनी झडप काढताना एका हाताने टाकीचे तोंड स्थिर धरावे आणि दुसऱ्याने पाना हळूहळू फिरवावा. नवी झडप बसवताना तिच्या आट्यांवर टेफलॉनची फीत आवळण्याच्या दिशेने तीन-चार वेढे गुंडाळावी. झडप आधी हाताने घट्ट बसवावी आणि मग पान्याने फार तर एक फेरा द्यावा. नळ गळला की वायसर बदलायचा आणि जोर लावून आवळायचे, ही आपल्याकडची सवय येथे महागात पडते. निमुळत्या आट्यांची धातूची झडप प्लास्टिकच्या तोंडात पाचरीसारखी काम करते आणि जितकी आवळावी तितके तोंड फाकते. आटे सरळ असून सांधा रबरी चकतीवर बसणारा असेल, तर तेथे फितीची गरजच नसते.

मूळची नाजूक प्लास्टिकची झडप काढून तेथे भारदस्त पितळी झडप बसवावी, असा मोह अनेकांना होतो. पितळ टिकाऊ असते हे खरे, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर शेकडो मैल हादरे बसताना तेच वजन टाकीच्या तोंडाला सतत हिसके देत राहते. पितळी झडप हवीच असेल, तर टाकीपासून लवचीक नळीचा छोटा तुकडा काढून झडप ट्रेलरच्या सांगाड्याला पट्टीने आवळावी. एवढी खटपट करायची नसेल, तर प्लास्टिकची नवी झडप लावून ती दर काही वर्षांनी बदलत राहणे अधिक शहाणपणाचे ठरते.

लाल-निळ्या नळ्या आजकाल 'पेक्स' नावाच्या लवचीक प्लास्टिकच्या असतात आणि त्यांची दुरुस्ती तुलनेने निर्धोक असते. झडपेच्या अलीकडे नळी कटरने अगदी काटकोनात कापावी. करवतीने कापलेल्या खडबडीत टोकावर सांधा नीट बसत नाही. आधी तांब्याची कडी नळीवर सरकवावी, मग नव्या झडपेचे टोक आत पूर्ण घालावे. कडी नळीच्या टोकापासून तीन ते सहा मिलिमीटर आत येईल अशी ठेवून ती दाबयंत्राने आवळावी. दाबयंत्र नसेल तर दाबून बसणारे तयार जोड मिळतात. ते महाग असतात, पण प्रवासात अडलेल्याला तेच तारतात. जुन्या ट्रेलरमध्ये पॉलिब्युटिलीनची करडी नळी आढळते. ती पेक्सला जोडण्यासाठी त्या कामाचाच खास जोड घ्यावा. नेहमीचा जोड आज बसला तरी उद्या सुटतो. पितळी भाग पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित आहे का, हेही पाहावे. अमेरिकेत जानेवारी २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या जोडांत शिशाचे सरासरी प्रमाण ०.२५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. जुन्या पेटीत पडून राहिलेला पितळी तुकडा म्हणूनच वापरू नये.

मैल्याच्या झडपेचे काम कोणालाच आवडत नाही, आणि त्यामुळेच ते लांबणीवर पडते. या झडपेत एक पाते खाचेतून पुढे-मागे सरकते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रबरी सील असतात. कागद किंवा घट्ट मळ खाचेत अडकला तरी पाते शेवटचा अर्धा सेंटिमीटर मिटत नाही. त्यामुळे झडप उघडण्यापूर्वी टाकीत भरपूर पाणी घालून रात्रभर ठेवावे, मग ती रिकामी करून पाते काही वेळा सावकाश उघडझाप करावे. बऱ्याच गळती एवढ्यानेच थांबतात. दांडी घट्ट झाली असेल तर सिलिकोनचे वंगण वापरावे. खनिज तेलाच्या ग्रीसने सीलचे रबर फुगू शकते. काही ट्रेलरमध्ये दांडी एकीकडे आणि झडप दूर आत असते. त्यांना तारेने जोडलेले असते. अशा वेळी झडपेपेक्षा गंजलेली किंवा जास्त वाकलेली तारच दोषी असण्याचा संभव अधिक.

सील खरोखरच झिजले असतील तर टाकी रिकामी करून दोनदा धुवावी, जाड हातमोजे व चश्मा घालावा आणि खाली घमेले ठेवावे. झडप बहुधा चार बोल्टांनी दोन कड्यांमध्ये अडकवलेली असते. ती काढण्यापूर्वी सील कोणत्या बाजूने बसले आहेत, याचे छायाचित्र घेऊन ठेवावे, कारण ते उलटे बसले की नवी झडपही गळते. दोन्ही कड्या हलकेच फाकवून झडप बाहेर काढावी, कड्यांचे पृष्ठभाग स्वच्छ पुसावेत, नवे सील व नवी झडप सरळ आत सरकवावी. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत. नवी झडप मिळेपर्यंत निभावून न्यायचे असेल, तर मुखावर फिरवून बसवायची जादा झडप मिळते. तिने मूळ गळती थांबत नाही, पण टोपण काढताना अंगावर काही येत नाही.

ही गळती केवळ मालकाची अडचण नसते. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या नियमांनुसार ट्रेलरमधले सांडपाणी नेमून दिलेल्या ठिकाणाखेरीज कोठेही सोडता येत नाही. गळती झडपेने झालेली असली तरी जमिनीवर पडलेले पाणी तेच असते. शिबिरस्थळी नळजोडणी असताना मैल्याची झडप सतत उघडी ठेवण्याची काहींची सवयही अनाठायी होय. पाणी वाहून जाते, घट्ट भाग टाकीतच साचतो आणि पुढे पात्यात अडकतो.

दुरुस्तीनंतर टाकी प्रथम पाव भरावी, तासभर वाट पाहावी, मग पूर्ण भरून पंप चालवावा. मैल्याची झडपही स्वच्छ पाण्यानेच तपासावी. पिण्याच्या पाण्याचा भाग उघडला असेल, तर निर्जंतुकीकरण टाळू नये. दर साठ लिटर पाण्यामागे सुगंधविरहित घरगुती ब्लीच सुमारे ६० मिलिलिटर, म्हणजे पाव कप, घालावे, प्रत्येक नळातून त्याचा वास येईपर्यंत पाणी सोडावे, काही तास तसेच ठेवावे आणि मग वास जाईपर्यंत टाकी धुवावी.

पहिल्या हिमापूर्वी ट्रेलर मिटवताना सर्व निचरा झडपा उघडाव्यात, त्याचबरोबर आतले सारे नळही उघडावेत. वरून हवा शिरली नाही तर नळीतले पाणी खाली उतरत नाही. बाहेरचा फवारा आणि शौचकुपाची नळी हमखास विसरली जाते. संकुचित हवेने नळ्या मोकळ्या करायच्या असतील, तर दाब प्रति चौरस इंच ३० ते ४० पौंडांच्या वर नेऊ नये. गोठणरोधक द्रव घालायचा तर तो प्रॉपिलीन ग्लायकॉलचा गुलाबी द्रव असावा. मोटारीच्या रेडिएटरमधला एथिलीन ग्लायकॉल विषारी असतो आणि पिण्याच्या पाण्याच्या नळीत त्याला स्थान नाही. बंब मात्र या द्रवाने भरू नये, त्याची वळणाची झडप फिरवून तो वगळावा. निचरा संपल्यावर गोळ्याच्या झडपा पूर्ण बंद न करता अर्ध्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे गोळ्याभोवतीचे पाणीही ओघळून जाते. एप्रिल-मे महिन्यांत टाकी भरण्यापूर्वी त्या मिटवाव्या लागतात, म्हणून कोणकोणत्या झडपा उघड्या आहेत त्याची चिठ्ठी पंपाच्या बटणाला चिकटवून ठेवावी.