कैरोतले सरकार, डोंगरातली सत्ता

शत्रूने देश व्यापल्यावर परभूमीवरून कारभार पाहणारे निर्वासित सरकार दोस्तांच्या लेखी कायदेशीर असते, पण मायदेशात त्याचा हुकूम चालत नाही. १९४१ ते १९४४ या काळातील ग्रीक सरकारची सारी धडपड या व्यंगातून उपजली. जर्मन फौजा अथेन्सवर चालून येत असताना राजा दुसरा जॉर्ज आणि बँकिंगच्या क्षेत्रातून राजकारणात आलेले पंतप्रधान त्सुदेरोस क्रीटमार्गे इजिप्तला निघाले. पुढे सरकारचे ठाणे लंडनला आणि १९४३ मध्ये कैरोला गेले. जानेवारी १९४२ मध्ये युगोस्लाव्हियाच्या निर्वासित सरकारशी झालेला बाल्कन संघाचा करार कागदावरच राहिला, आणि दोन्ही पक्षांच्या हाती स्वतःची भूमी नसताना दुसरे काही होणेही शक्य नव्हते.

खरा पेच राजाचा होता. १९३६ ची मेताक्सासची हुकूमशाही त्याच्याच संमतीने आली असल्याने डोंगरातल्या गनिमी लढवय्यांना तो नकोसा होता. कम्युनिस्टांचा वरचष्मा असलेली ‘एआम’ ही मुक्ती आघाडी आणि तिची ‘एलास’ ही सेना यांच्यासह इतर गटांचे प्रतिनिधी ऑगस्ट १९४३ मध्ये कैरोला आले, आणि सार्वमताआधी राजाने परतू नये ही त्यांची मागणी चर्चिल व रूझवेल्ट यांच्या पाठबळावर राजाने धुडकावली. मार्च १९४४ मध्ये एआमने डोंगरात स्वतंत्र शासनसमिती स्थापताच इजिप्तमधील ग्रीक सैन्यात व नौदलात बंड झाले, ते ब्रिटिशांनी मोडले आणि त्सुदेरोस पायउतार झाले.

एप्रिलअखेर पंतप्रधान झालेल्या पापांद्रेऊ यांनी मे महिन्यात बैरूतजवळ सर्व पक्षांची परिषद भरवून राष्ट्रीय ऐक्याचा करार घडवला. मात्र एलासने शस्त्रे कधी ठेवायची हा कळीचा प्रश्न त्यात मोघम राहिला, आणि मोघमपणावाचून सह्या झाल्याही नसत्या. एआमच्या नेत्यांनी आधी आपल्याच प्रतिनिधींना दोष दिला, तरी सप्टेंबरमध्ये एआमचे मंत्री सरकारात आले. त्याच महिन्यात इटलीतील कासेर्ता येथे सर्व गनिमी दले ब्रिटिश सेनापती स्कोबी यांच्या हुकुमाखाली ठेवण्यात आली, आणि १८ ऑक्टोबरला सरकार अथेन्सला पोहोचले.

बंडानंतर निष्ठावंत सैनिकांतून उभारलेली पर्वतीय ब्रिगेड कायम ठेवून एलासला मात्र निःशस्त्र करावे, हे एआमला मान्य नव्हते. डिसेंबरच्या आरंभी तिचे मंत्री राजीनामे देऊन बाहेर पडले, आणि ३ डिसेंबरला अथेन्सच्या मध्यवर्ती चौकात निदर्शकांवर गोळीबार झाला.