चिन्ह मागणे आणि चिन्ह वाचणे

बडोद्यातील मराठी कुटुंबांच्या भेटीस गेलो असता एक प्रश्न वारंवार कानी पडतो : देवाने होकार दिला हे ओळखावे कसे? मुलीचे लग्न असो वा नोकरीतील बदल, कोणी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडतो आणि ज्या वचनावर बोट पडेल त्यास उत्तर मानतो. ह्या प्रश्नावर प्रकाश टाकणारे काही प्रसंग ह्याच नगरीच्या इतिहासात आहेत.

श्री अरविंद घोष 1893 ते 1906 ह्या काळात बडोदे संस्थानच्या सेवेत होते. धाकटे बंधू बारींद्र ह्यांच्यासह त्यांनी येथे मृतात्म्यांकडून उत्तरे लिहून घेण्याचे प्रयोग केले. एकदा, 1886 मध्ये निवर्तलेल्या रामकृष्ण परमहंसांच्या नावाने, मंदिर उभारावे असा आदेश आला. देशकार्यास वाहून घेतलेल्या संन्याशांसाठी भवानीचे मंदिर बांधण्याची योजना तेव्हा मनात घोळत होती. 1905 मध्ये तिची पुस्तिकाही लिहिली गेली. साहजिकच आदेशाचा अर्थ तोच लावण्यात आला. ते मंदिर उभे राहिले नाही. आदेश अंतरात मंदिर घडविण्याचा होता, असे पुढे श्री अरविंदांनीच सांगितले.

मृतांस विचारणे आपणांस निषिद्ध आहे (अनुवाद 18). तथापि येथील धोका केवळ त्या मार्गाचा नव्हे. मनाने निर्णय आधीच घेतलेला असला, की कोणतेही उत्तर त्याच साच्यात ओतले जाते. शास्त्र उघडून बोट ठेवणाराही ह्यातून सुटत नाही.

सुरतेच्या काँग्रेसनंतर, जानेवारी 1908 मध्ये, श्री अरविंद पुन्हा बडोद्यास आले. येथे विष्णु भास्कर लेले ह्या महाराष्ट्रीय योग्याबरोबर ते तीन दिवस एकांतात बसले व त्यांचे मन निःशब्द झाले. निरोप घेताना लेल्यांनी त्यांस स्वतःच्या नव्हे, तर अंतरातील मार्गदर्शकाच्या स्वाधीन केले. 2 मे 1908 रोजी अलीपूर खटल्यात त्यांना अटक झाली. वर्षभराने सुटका झाल्यावर, 30 मे 1909 रोजी, उत्तरपाडा येथील भाषणात त्यांनी एक कबुली दिली : अटकेच्या महिनाभर आधी सर्व कार्य सोडून एकांतात जाण्याची हाक त्यांना आली होती, पण कार्य प्रिय असल्यामुळे ती त्यांनी मानली नाही. पहिल्या वेळी उत्तराचा अर्थ चुकला होता. दुसऱ्या वेळी अर्थ कळूनही पाऊल उचलले गेले नाही.

त्यांची साधना आपली नव्हे. परंतु ही प्रांजळ कबुली आपणांस शिकविते. गिदोनाने लोकरीचे चिन्ह मागितले (शास्ते 6), ते आज्ञा मिळाल्यानंतर. देवाने त्याच्या दुर्बलतेस सांभाळून घेतले. परूश्यांनी चिन्ह मागितले, तेव्हा प्रभूने योनाच्या चिन्हावाचून दुसरे देण्याचे नाकारले (मत्तय 12). त्यांच्यासमोर आंधळे पाहू लागले होते. उणीव चिन्हांची नव्हती.

म्हणून चिन्ह मागणाऱ्यास आपण झिडकारू नये, तसेच घाईने त्याचा अर्थही सांगू नये. त्यास तीन गोष्टी विचाराव्यात : उत्तर नकारार्थी आले तर ते तू स्वीकारशील काय? ते प्रभूच्या शिकवणीशी जुळते काय? मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्याशी तू बोललास काय? पहिल्या प्रश्नावर जो थबकतो, त्याने चिन्ह मागितलेले नसून संमती मागितलेली असते. अशा वेळी त्याच्यासमवेत मुकाट्याने प्रार्थनेस बसावे. देवाचे मंदिर आपणच आहोत, असे पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिले आहे. तेथेच प्रथम कान द्यावयाचा आहे.