आभाळातली ऊ: लाकूड, कापड आणि एक जीवघेणी फट

आजच्या भागात लाकूड आहे, कापड आहे, सरस आहे आणि एक असं विमान आहे जे लोकांनी खरंच घरी बसून बनवलं.

फ्रान्समध्ये आँरी मिन्ये नावाचा एक रेडिओ इंजिनियर होता. विमानाचं त्याला भयंकर वेड, पण नेहमीची विमानं चालवणं त्याला काही केल्या जमेना. हाताने स्टिक, पायाने रडर, दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं! मग या पठ्ठ्याने काय करावं? पायाचं कामच काढून टाकलं. पंखांच्या टोकांना असतात ते हलणारे एलेरॉनही काढले. स्टिक डावी-उजवीकडे केली की रडर वळणार, आणि पुढे-मागे केली की अख्खा पुढचा पंख बिजागरीवर कलणार. म्हणजे या विमानात वरखाली जाण्याचं नियंत्रण हा छोटासा तुकडा नव्हता, तो सबंध पंखच होता. 10 सप्टेंबर 1933 रोजी हे एचएम-14 उडालं. नाव ठेवलं 'पू-दु-सिएल', म्हणजे आभाळातली ऊ. इंग्रजांनी तिची पिसू केली.

1934 मध्ये त्याने पुस्तक काढलं, सगळी मापं आणि कृती देऊन. इंग्रजी आवृत्ती 1935 मध्ये आली आणि गॅरेजांतून करवती चालू झाल्या.

आता कामाची गंमत बघा. त्या काळी अशी विमानं बांधताना स्प्रूससारख्या हलक्या, सरळ रेषांच्या लाकडाची मुख्य दांडी, तिच्यावर पातळ फासळ्या, आणि जोडायला सर्रास केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा सरस. सांगाडा इतका हलका की एका हाताने उचलावा. त्याच्यावर कापड ताणायचं आणि मग डोप लावायचा. डोप म्हणजे सेल्युलोज विरघळवलेलं द्रावण. नेलपॉलिशचा वास आठवा, तोच सगा. वाळताना तो आकसतो आणि कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं.

पण इथेच गोम आहे. एकाच बाजूला डोपचे थर चढवले तर रडरसारखा हलका सांगाडा पिळवटतो. म्हणून दोन्ही बाजूंना आळीपाळीने हात मारायचा. आणि चकाकीच्या हौसेपायी जास्त थर दिले, तर बिजागरीच्या मागचं वजन वाढतं. हलणाऱ्या भागाची शेपटी जड झाली की वेगात तो फडफडायला लागतो, आणि अशी फडफड लाकडाला फार वेळ सोसत नाही. दिसायला देखणं काम आणि उडायला चांगलं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या विषयात सगळ्यात भारी वाटतं.

आता पिसूचं बघा. ती कोसळायला लागली, माणसं मेली. घरी बांधलेलं विमान पडलं की पहिला संशय कोणावर? त्या हौशी सुतारावरच ना! कुठेतरी सरस कमी लावला असेल, कुठेतरी खिळा चुकला असेल.

1936 मध्ये इंग्लंडात फार्नबरोला आणि फ्रान्समध्ये शाले-मदाँला अख्खं विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासलं. दोष आराखड्यातच निघाला. दोन पंख एकमेकांच्या इतके जवळ होते की मध्ये एक अरुंद फट राहायची. विमान सूर मारायला लागलं की पायलट साहजिकच स्टिक मागे ओढणार. त्याने पुढच्या पंखाची मागची कड खाली यायची, फट आणखी अरुंद व्हायची, तिच्यातून हवा जोरात जायची आणि मागच्याच पंखाला जास्त उचल मिळायची. शेपूट वर, नाक आणखी खाली. म्हणजे वाचण्यासाठी जे करायचं, तेच त्याला जमिनीकडे नेत होतं! बिचाऱ्याचं सुतारकाम कितीही चोख असो.

मग इंग्लंडात उड्डाणांवर बंधनं आली, लाट ओसरली. मिन्ये लबाड होता असं मला वाटत नाही, कारण तो स्वतः त्याच विमानातून उडत होता. पण पुस्तक विकलं गेल्यावर लोकांच्या घरी पोचलेला आराखडा परत कसा बोलवायचा? आजच्यासारखं फोनवर अपडेट थोडंच पाठवता येणार होतं!

पुढे त्याने पंखांची रचना बदलली, नवी विमानं काढली आणि 1965 मध्ये वारेपर्यंत तो याच कल्पनेच्या मागे होता. त्याच्या सुधारलेल्या रचनेच्या पिसवा नंतरही लोकांनी बांधल्या आणि उडवल्या.