उष्मांकांचे दोन हिशेब

शाळेत आरोग्य तपासणी असली की वजनकाटा कपाटाबाहेर निघतो. मुलांची उंची-वजने लिहून झाली की शिक्षकही हळूच एकेक करून त्यावर उभे राहतात. कोणी चपला काढतो, कोणी खिशातल्या किल्ल्या, आणि आकडा पाहून हसण्यावारी नेतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागातील एखाद्या शाळेत हे दृश्य पाहावे. ज्या काट्यावर विद्यार्थ्याचे वजन वयाच्या मानाने कमी भरते, त्याच काट्यावर सरांचे जास्त भरते. एकाला 'भरपूर खा' म्हणायचे, दुसऱ्याला 'जरा कमी खा'. दोन्ही सल्ल्यांचे मोजमाप एकाच एककात होते. ते एकक म्हणजे उष्मांक, अर्थात किलोकॅलरी.

अन्नातील ऊर्जा मोजण्याचे काम अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी १८९० च्या दशकात पद्धतशीरपणे केले. माणूस आत राहू शकेल अशी एक बंद खोली त्यांनी तयार करवली. आतल्या माणसाने खाल्लेले अन्न आणि त्याच्या शरीरातून बाहेर पडलेली उष्णता यांचा मेळ त्यांनी घालून पाहिला. आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो ते आकडे, म्हणजे १ ग्रॅम कर्बोदकातून किंवा प्रथिनातून ४ आणि १ ग्रॅम स्निग्धापासून ९ किलोकॅलरी, याच कामातून आले. वजन उतरवण्याची हौस मात्र त्याहून जुनी. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडून वजन कसे घटवले, ते एका पुस्तिकेत लिहिले. ती इतकी खपली की त्यांचे आडनाव इंग्रजीत पथ्याला प्रतिशब्द बनले. पुढे १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंनी उष्मांक मोजून खाण्याची सवय अमेरिकेत घरोघरी पोचवली.

त्याच १९१८ साली भारतात कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी पोषण-संशोधनाला सुरुवात केली. पुढे त्यातूनच हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. आपल्याकडचा मुख्य प्रश्न होता तो माणसाला पुरेसे अन्न मिळते की नाही, हा. म्हणून आपल्याकडे उष्मांकाचा हिशेब मजुरीच्या प्रश्नाला येऊन भिडला.

शेतमजुराची किमान मजुरी किती असावी, हे ठरवण्यासाठी महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या हिशेबातून मजुरी निघाली दिवसाला ४ रुपये. वर्धा जिल्ह्यातील खेड्यात काम करणारे तरुण डॉक्टर अभय बंग यांनी हा हिशेब पुन्हा मांडला. मजुराच्या शरीराला किती अन्न लागते आणि त्याला पैसे किती पडतात, हे तपासून त्यांनी समितीच्या मांडणीतील चुका दाखवून दिल्या. त्यांच्या हिशेबाने मजुरी १२ रुपये यायला हवी होती, आणि पुढे शासनाने ती तेवढी वाढवलीही. या फरकाचा अर्थ समजण्यासाठी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय शिफारशी पाहा. ६० किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला रोज २,४२५ किलोकॅलरी लागतात. कष्टाचे काम करणाऱ्याला ३,८००. मधले १,३७५ किलोकॅलरीचे अंतर भाकरीने, भाताने भरून निघाले नाही, तर ते मजुराच्या अंगातून वसूल होते.

चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे 'सर्च' ही संस्था काढली. आणि १९९५ मध्ये, पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, खुद्द अभय बंग यांना हृदयविकाराने गाठले. मजुराच्या उष्मांकांचा हिशेब मांडणाऱ्याला आता स्वतःच्या ताटाचा हिशेब मांडावा लागला. आहारातील स्निग्धांश, व्यायामाचा अभाव, सततची घाई आणि मनावरचा ताण या साऱ्यांची त्यांनी उलटतपासणी केली आणि दिनक्रम बदलला. त्याची हकिगत 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या नावाने २००० साली पुस्तकरूपाने आली आणि मराठी घरांत खूप वाचली गेली.

अशा बदलांना प्रयोगाचा आधार आहे का? अमेरिकेत डीन ऑर्निश यांनी १९९० मध्ये ४८ हृदयरुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटाला अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहार, चालणे, ध्यान आणि एकमेकांचा आधार असा कार्यक्रम दिला होता. वर्षभरात त्यांतील बहुतेकांच्या हृदयधमन्यांतील अडथळे किंचित कमी झाले. वजनही सरासरी सुमारे ११ किलोंनी उतरले. मात्र पाच वर्षांनी पाहिले, तर त्यातली जवळपास निम्मी घट भरून निघाली होती.

हे असे का होते? याचे उत्तर १९४४-४५ च्या मिनेसोटातील प्रयोगात सापडते. अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने रोज सुमारे १,६०० किलोकॅलरींवर ठेवले. त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले. त्याचबरोबर विश्रांतीच्या वेळी शरीर खर्च करीत असलेली ऊर्जाही खूप खाली आली. मुले चिडचिडी आणि थकलेली झाली, आणि त्यांच्या मनात दिवसभर जेवणाचाच विचार घोळू लागला. अन्न कमी पडले की शरीर काटकसर करू लागते, आणि अन्न मिळताच गमावलेले परत साठवते. आज वजन उतरवण्याचे तक्ते बहुधा याच आकड्याच्या आसपासचे असतात. जो आकडा एका घरी पथ्य म्हणून भिंतीवर चिकटवला जातो, तोच जंगलातल्या घरी भर पावसाळ्यात, धान्याची कणगी रिकामी झाल्यावर, कोणी न सांगता पाळावा लागतो.

या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यातही जोडलेल्या असतात. 'सर्च'ने १९९५-९६ मध्ये गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बालकांची पाहणी केली. तेव्हा शंभरांतील सुमारे ४२ बाळे अडीच किलोंपेक्षा कमी वजनाची निघाली. त्याच सुमारास पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळांचा अभ्यास करीत होते. ही बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने लहान, त्यांचे स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली, असे त्यांना आढळले. पुढे २००४ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील आपले सहकारी जॉन युडकिन यांच्याशी स्वतःची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहमान निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणून भारतीयांसाठी या निर्देशांकाची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सें.मी. व स्त्रियांत ८० सें.मी.च्या आत असावा असे सांगतात. अपुऱ्या पोषणात वाढलेला जीव पुढे बैठे काम आणि तेलकट खाणे यांच्या तावडीत सापडला, तर मधुमेह आणि रक्तदाब त्याला लवकर गाठतात.

हा बदल या दोन जिल्ह्यांत डोळ्यांसमोर घडत आला आहे. आंबील, हातसडीचा भात, रानभाज्या, वास्ते, मोहफुले हे खाणारा माणूस दिवसभर चालत, वाकत, ओझी वाहत असे. आता तांदूळ गिरणीत पांढरा होऊन येतो, गावच्या दुकानात बिस्किटांची पुडकी लटकतात, आणि नोकरदार माणूस शाळेत किंवा कचेरीत मोटारसायकलने जातो. हिशेब साधा आहे. मोठा चमचाभर, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम, तेलातून १०८ किलोकॅलरी मिळतात. तेवढी ऊर्जा खर्च करायला ६० किलोच्या माणसाला अर्धा तास तरी भरभर चालावे लागते. म्हणून महिनाभर उपाशी राहण्यापेक्षा घरातील तेलाचे माप कमी करणे, ताटात डाळ आणि भाजी वाढवणे, आणि रोजचे चालणे वर्षानुवर्षे टिकवणे, हेच शरीराला मानवते.

पुढच्या तपासणीच्या दिवशी काट्याशेजारी एक शिवणाची टेपही ठेवावी. वरच्या वर्गांतील मुलांनी शिक्षकांच्या कमरेचा घेर मोजावा आणि शिक्षकांनी मुलांच्या डब्यात काय आहे ते पाहावे. कमी वजनाच्या मुलांची नावे वहीत राहू न देता ती आरोग्य केंद्रापर्यंत आणि त्यांच्या घरापर्यंत पोचवावीत. त्या मुलांना आज मिळणारे दूध, डाळ, अंडे हे चाळिशीनंतरच्या त्यांच्या प्रकृतीसाठीही असते.