पाऱ्याच्या थेंबाचं घराणं

रक्तातला कर्करोगाचा डीएनए हुडकणाऱ्या विद्युतरासायनिक सेन्सरची वंशावळ सांगताना बहुतेक जण ग्लुकोमीटरपासून सुरुवात करतात. क्लार्क आणि लायन्स यांचा 1962 चा एन्झाइम इलेक्ट्रोड थोर खराच, पण माझ्या मते तो चुलत शाखेतला. मूळपुरुष प्रागचा.

1922 मध्ये यारोस्लाव हेरोव्स्की तिथे बारीक काचनळीतून द्रावणात थेंबथेंब पारा सोडत होते. व्होल्टेज जरा वाढवायचं, प्रवाह मोजायचा, पुन्हा वाढवायचं. खुबी पाऱ्यातच होती. थेंब गळून पडला की पुढचा नवा, कोरा. त्यामुळे इलेक्ट्रोड घासूनपुसून साफ करायची कटकटच नाही. या पोलॅरोग्राफीला 1959 मध्ये नोबेल मिळालं.

देश तोच, गाव ब्रनो. एमिल पालेचेक या तरुणाने याच पाऱ्यापाशी डीएनए नेला आणि तो विद्युत संकेत देतो हे 1960 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. खरी मेख पुढेच होती. जोडीने गुंफलेल्या डीएनएचा संकेत वेगळा आणि तापवून सुट्या केलेल्या धाग्यांचा वेगळा! गुंफण असते तोवर बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, आत दडलेले असतात. ती सुटली की ते इलेक्ट्रोडच्या तावडीत येतात.

मात्र हा डीएनए नेमका कोणता, हे पारा सांगेना. 1993 मध्ये मिलन आणि मिकेल्सन यांनी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर एकेरी धागा आधीच बसवून ठेवला. त्याचा जोडीदार येऊन बिलगला की कोबाल्टचं एक संयुग त्या जोडीवर गोळा होतं आणि संकेत वाढतो. पुढे कार्बनच्या जोडीला सोनं आलं, कारण गंधकाच्या टोकाने धागा सोन्याला घट्ट धरतो.

रक्तद्रवात सुटी न्यूक्लिइक आम्लं असतात, हे मांदेल आणि मेते यांनी 1948 मध्येच दाखवलं होतं. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. कर्करुग्णांच्या रक्तात बिघडलेलं रास जनुक सापडल्याचं प्रसिद्ध झालं ते थेट 1994 मध्ये. अडचण अशी की बिघाड बऱ्याचदा एकाच अक्षराचा असतो आणि भोवती निरोगी डीएनएची भाऊगर्दी. 2015 मध्ये टोरांटोत शाना केली यांच्या गटाने निरोगी धाग्यांना आधीच अडकवून ठेवणारे ‘क्लॅम्प’ वापरले, म्हणजे सेन्सरवर पोचेल तो बिघडलेलाच. रुग्णालयांतल्या रोजच्या तपासण्या मात्र अजून पीसीआर आणि सिक्वेन्सिंगवरच चालतात.